अनाथालयांतील सगळी मुले अनाथ होती का?

गिरणगावकर :
आयर्लंडमध्ये कॅथलिक धर्मसंघांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांविषयी (म्हणजे गरीब, निराधार मुलांना ठेवण्याच्या निवासी संस्थांविषयी) न्यायमूर्ती रायन यांच्या आयोगाने 2009 मध्ये अहवाल दिला, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः मारहाणीची आणि लैंगिक अत्याचारांची. ती व्हायलाच हवी होती. मला मात्र त्या इतिहासातील एक रुक्ष बाब अधिक बोलकी वाटते. तेथील बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात होते. घरात दारिद्र्य होते म्हणून न्यायालयाने त्यांना तेथे धाडले आणि सरकार दर मुलामागे ठरावीक रक्कम संस्थेला देत राहिले. ती रक्कम आईच्याच हाती द्यावी, हे सुचायला तेथे बराच काळ जावा लागला : विधवांचे निवृत्तिवेतन 1935 मध्ये, बालभत्ता 1944 मध्ये आणि अविवाहित मातांचा भत्ता तर थेट 1973 मध्ये आला.

मुंबईतील मिशनऱ्यांच्या अनाथालयांविषयी आपण लिहितो ते कृतज्ञतेने किंवा धर्मांतराच्या संशयाने. मुलाला तेथे सोडून गेलेल्या आईचे काय झाले, ती याच शहरात कुठे राहिली, तिला मूल पुन्हा भेटले का, हे दोन्ही प्रकारच्या लेखनात येत नाही. माझे मत स्पष्ट आहे : चर्चने गरिबाच्या मुलाला सांभाळले, गरिबाच्या घराला सांभाळले नाही; आणि मूल पोसण्याची ऐपत नसणे हा आईबापांचा दोष आहे, ही समजूत त्या दानधर्माने पक्की केली.

उत्तनकर :
आयर्लंडचा भाग मान्य, मुंबईचा नाही. तेथे सरकार आणि कॅथलिक चर्च जवळजवळ एकजीव होते. येथे कॅथलिक समाज अल्पसंख्य होता आणि राज्यकर्ते त्यांच्या पंथाचे नव्हते, त्यामुळे न्यायालयाने मुले धाडायची आणि धर्मसंघाने मोजून पैसे घ्यायचे, अशी मक्तेदारी येथे कधी नव्हती.

दुसरे म्हणजे, ‘घराला सांभाळले नाही’ हे विधान ज्याने आमच्या पॅरिशमधील, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागातील, सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे काम पाहिले आहे, तो करणार नाही. 1833 मध्ये पॅरिसमध्ये निघालेल्या या संस्थेचा मूळ नियमच गरिबाच्या घरी जाऊन भेटण्याचा आहे. शिधा, मुलांची फी, औषधे, एखाद्या महिन्याचे थकलेले भाडे, हे सारे घरपोच जाते आणि त्याची जाहिरात होत नाही. (जाहिरात होत नाही म्हणूनच ते इतिहासलेखकांच्या नजरेस पडत नसावे.)

आणि टाकलेल्या तान्ह्या मुलांचे काय? 1863 मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना बालहत्या प्रतिबंधक गृह काढावे लागले, ते दारिद्र्यापेक्षाही विधवेच्या गर्भारपणाला क्षमा न करणाऱ्या समाजामुळे. अंधेरीचे सेंट कॅथरीन होम हे अनाथालय 1922 मध्ये सुरू झाले, तेव्हाही तो समाज फारसा बदललेला नव्हता. अशा आईला महिन्याला पैसे देऊन तिच्या घरच्यांनी तिला मुलासह घरात घेतले असते, असे आपल्याला खरोखर वाटते का?

गिरणगावकर :
टाकलेल्या तान्ह्या मुलांविषयीचा आपला मुद्दा वजनदार आहे, परंतु सगळीच मुले तान्हेपणी टाकून दिलेली नव्हती. पाच-सात वर्षांचे मूल हाताला धरून आणून सोडणारी आई समाजाच्या भीतीपेक्षा पोटासाठी ते करत होती. शिधावाटपाबद्दल म्हणाल, तर कोणत्या घराला मदत मिळावी हे ठरवताना घर ‘लायक’ आहे का, हे भेटीला येणारेच ठरवत असतात.

शारदा सदन या विधवांसाठीच्या निवासी शाळेचे प्रकरण आठवा. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये ते मुंबईत काढले, पुढच्याच वर्षी पुण्याला नेले, आणि 1893 मध्ये ख्रिस्तीकरणाच्या वादावरून रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’पासून मिशनपर्यंत सर्वांना चिंता मुलींच्या धर्माची होती, त्यांच्या घरांची नव्हती.

माटुंगेकर वकील :
शारदा सदनाचा दाखला येथे चपखल बसत नाही. तेथे मुख्यतः उच्चवर्णीय बालविधवा होत्या. दुष्काळाने उद्ध्वस्त झालेल्या गरीब घरांतील मुली रमाबाईंकडे मोठ्या संख्येने आल्या त्या 1896-97 नंतर, केडगावला. त्या मुलींच्या बाबतीत घर वाचवण्याचा प्रश्नच उरला नव्हता, कारण घरेच उरली नव्हती.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. आपण दोघेही चर्चभोवती फिरत आहात आणि सरकार अलगद सुटते आहे. माटुंग्याच्या डेव्हिड ससून सुधारशाळेची परंपरा 1857 पर्यंत मागे जाते आणि ती ज्यू दानशूराच्या नावाने चालते. 1924 च्या मुंबई बाल कायद्याने निराधार मूल आणि गुन्हा केलेले मूल एकाच कायद्याखाली आणले, आणि 1927 मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली. आई दिवसभर गिरणीत, म्हणून रस्त्यावर हिंडणारे मूल पोलिसांनी उचलून डोंगरीच्या रिमांड होममध्ये नेले, तर त्यात कोणत्या फादरचा हात होता? दारिद्र्याला दोष ठरवण्याचे काम कायद्याने केले, आणि तेही धर्माचा आधार न घेता.

उत्तनकर :
वकीलसाहेबांशी सहमत आहे. त्यात एवढेच जोडतो की रेल्वे स्थानकांवरच्या मुलांना कुलूपबंद इमारतीत न कोंडता लहान घरांत कुटुंबासारखे वाढवावे, हा प्रयोग मुंबईत 1962 मध्ये स्नेहसदनच्या रूपाने जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या एका धर्मगुरूने केला.

गिरणगावकर :
स्नेहसदनचे कौतुक मलाही आहे, पण तेही घर पर्यायी घर आहे. सरकारच्या बाबतीत वकीलसाहेबांचे म्हणणे स्वीकारतो. मग आजचा हिशेबही मांडू. 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो की संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा. महाराष्ट्रात मूल संस्थेऐवजी कुटुंबात वाढावे यासाठीच्या बालसंगोपन योजनेखाली मुलामागे महिन्याला 1,100 रुपये मिळत, ते वाढवून 2,250 केले गेले. एकट्या आईने एवढ्यात गोवंडीत खोलीचे भाडे भरून दाखवावे. ते जमत नाही म्हणून तिने मूल बालगृहात ठेवले, तर त्या मुलाची नोंद कोणत्या रकान्यात करायची, हे मला वकीलसाहेबांकडून ऐकायचे आहे.