मालवणात मुक्काम वाढलाय, इथेच राहावं का?

ठाणेकर_सूनबाई:
सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं म्हणून मार्चमध्ये ठाण्याहून मालवणला आलो. त्या आता वॉकर घेऊन चालतात. नवऱ्याचं काम घरून चालतं, लेक यंदा पहिलीत जाईल. परतायचा विषय कोणीच काढत नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. पण पावसाळा, दवाखाना, शाळा, सगळ्याची धास्ती वाटते. बाहेरून येऊन राहिलेल्यांनी सांगा, जूनच्या आत ठरवून टाकावं का?

कुडाळचो_झील:
आधी विजेचं बघा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. घरून काम असेल तर चांगला इन्व्हर्टर आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट हवंच.

घाटावरची:
ताई, मी नाशिकची. यजमानांची बँकेत बदली झाली म्हणून आलो, ते निवृत्त झाले तरी आम्ही इथेच आहोत. जूनच्या आत अजिबात ठरवू नका. चतुर्थीपर्यंत राहा, मग बोला.

मे महिन्यातलं मालवण पाहुण्यांचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, किल्ल्याच्या होड्याही बंद, पर्यटक ओसरतात. तेव्हा गाव कसं जगतं ते दिसतं. त्यासाठी आत्ताच आगोटची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी करा: सुका बांगडा, गोलमा (बारीक सुकी कोळंबी), उकडे तांदूळ, आणि सोलं, म्हणजे आमसुलं.

सोलं विकत आणू नका, घरी करा. मला माणसं मिळाली ती शेजारच्या काकींच्या पडवीत, रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडताना. फळ फोडायचं, आतला गर बियांसकट मिठात टाकायचा, सालं उन्हात. संध्याकाळी तीच सालं सुटलेल्या रसात बुडवायची, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पुटं देत जायची, सालं काळीभोर होईपर्यंत. बोटांचा रंग जाता जात नाही. पण त्या बैठकीत कुठला डॉक्टर रात्री दार उघडतो, कोणाच्या विहिरीला मेमध्येही पाणी असतं, सगळं कळतं. नुसतं "कसं काय" विचारून हे कोणी सांगत नाही. सोबत काम केलं की सांगतात, आणि मग तुमच्या घरी काही झालं तर न बोलावता येतात. मी हे अनुभवलंय.

दवाखान्याचं मात्र गोड बोलणार नाही. मोठं दुखणं आलं की बहुतेक जण गोव्याला बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ गाठतात. घरात म्हातारं माणूस आहे, तेव्हा गाडी आणि रात्री चालवणारा माणूस आधीच ठरवून ठेवा.

लेकीला जवळच्या मराठी शाळेत घाला. दिवाळीच्या आत मालवणी बोलायला लागेल. नारळी पौर्णिमेला बंदर जेटीवर नक्की न्या. समुद्राला नारळ देतात, नारळ लढवायच्या स्पर्धा लागतात, त्यात बायकाही उतरतात.

ठाणेकर_सूनबाई:
खूप बरं वाटलं वाचून. रातांबे आत्ता मिळतील? आणि मला येत नाही यातलं काहीच.

घाटावरची:
मिळतील, पण घाई करा, पाऊस लागला की वाळवण संपलं. सासूबाईंना विचारा, कोणाच्या परसात झाड आहे त्यांना ठाऊक असणार. त्यांना पडवीत खुर्चीवर बसवा, त्या फोडतील आणि मिठाचं प्रमाणही सांगतील. वाळत घालायचं आणि उचलायचं काम तुमचं. वळीव कधीही येतो, प्लास्टिकचा कागद हाताशी ठेवा.