गाळा नंबर ४ मधली पोती

स्वाती (ए-३०४): कोण जागं आहे का ग्रुपवर? पावणेदोन वाजलेत, तोच पांढरा टेम्पो परत आलाय, पार्किंगचे लाईट बंद करून पोती उतरवताहेत. गॅलरीतून मोजली मी, अकरा पोती. सगळी गाळा नंबर ४ मध्ये.

साळोखे सेक्रेटरी: मॅडम सकाळी बोलू. तो गाळा बिस्किट-चॉकलेटच्या डिस्ट्रीब्युटरला दिलाय, लिव्ह लायसन्सची कॉपी आहे माझ्याकडं

अमित (सी-१०१): बिस्किटं रात्री दोनला उतरतात होय 😂

स्वाती (ए-३०४): आणि बिस्किटाला केवड्याचा वास येतो का ओ? शटरजवळून जा एकदा. गुटखाच आहे तो, मी वर्गात रोज घेते तो वास, मुलांच्या तोंडाचा.

कुलकर्णी काका (बी-२०२): गुड मॉर्निंग. माझं मत स्पष्ट आहे, आपण ह्यात पडू नये. उद्या पेपरात सोसायटीचं नाव आलं तर फ्लॅटचे रेट पडतील. आणि गुटखा बंद होऊन किती वर्षं झाली, कोण खायचं थांबलंय का सांगा.

अमित (सी-१०१): काका २०१२ च्या जुलैपासून बंदी आहे. ती पण कायमची नाही, अन्न सुरक्षा कायद्याखाली आयुक्त एका वर्षाची ऑर्डर काढतात, संपली की परत नवीन. गुटखा, पान मसाला, सुगंधी सुपारी, सुगंधी तंबाखू, मावा, खर्रा सगळं आलं त्यात. साधी तंबाखू नाही आली, म्हणून तुमची सकाळची चिमूट कायदेशीर आहे

कुलकर्णी काका (बी-२०२): माझ्या चिमटीचा इथं काय संबंध

प्रिया (बी-४०१): पण मग हा माल येतो कुठनं? इथं तर फॅक्टरी चालूच शकत नाही ना

अमित (सी-१०१): मी शिरोलीला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, रोज बघतो. कोल्हापूरला बॉर्डर किती लांब? कागल ओलांडलं की निपाणी. गुटख्याला कर्नाटकात पण बंदी आहे, पण नुसता पान मसाला तिकडं उघड विकता येतो, त्यात तंबाखू नाही ना. तंबाखूची बारकी पुडी वेगळी. गिऱ्हाईक दोन्ही घेतं, फाडतं, तळहातावर एक करतं की झाला गुटखा. कंपनी म्हणणार आम्ही गुटखा बनवलाच नाही. ह्या जोडपुडीवर सुप्रीम कोर्टानं २०१६ ला सगळ्या राज्यांना झापलंय. आणि आपल्याकडं तर पान मसाला पण बंद, म्हणजे तिकडचा बिलाचा माल बॉर्डर ओलांडली की दोन नंबरचा होतो. बिलावर फरसाण लिहायचं, वर कांद्याची पोती टाकायची, मोठी गाडी हायवेला सोडायची आणि तिथनं बारक्या टेम्पोनं असे गाळे भरायचे. एका ठिकाणी जास्त ठेवत नाहीत, धाड पडली तर सगळं जायला नको म्हणून.

स्वाती (ए-३०४): जोडपुडीचं अगदी खरंय. सहावीतल्या एकाच्या कंपासपेटीत मला दोन रिकाम्या पुड्या सापडल्या, एक मोठी एक बारकी. म्हणाला बाई ही मसाल्याची आहे, तंबाखूची नाही. म्हणजे वकिली पण शिकलाय. शाळेपासून शंभर यार्डावर आम्ही पिवळा पट्टा मारलाय, तेवढ्यात तंबाखू विकायचीच नाही असा २००३ पासून कायदा आहे. टपरीवाल्यानं गाडी पट्ट्याच्या चार पावलं पलीकडं लावली. आता पोरं चार पावलं जास्त चालतात, तेवढाच व्यायाम.

कुलकर्णी काका (बी-२०२): सरकारनं टॅक्स आणि बंदी वाढवली की हे धंदे वाढणारच. मी वाचलंय की सिगारेटचा केवढा तरी भाग स्मगलिंगचा आहे आता.

अमित (सी-१०१): ते आकडे बहुतेक सिगारेट कंपन्यांकडूनच येतात काका, टॅक्स वाढू नये म्हणून. स्वतंत्र अभ्यासकांनी शहरांतल्या दुकानांतनं रिकामी पाकिटं गोळा करून मोजलं तर तीन टक्क्यांच्याही आत निघालं. स्मगलिंग नाही असं नाही म्हणत मी, न्हावाशेवाला कंटेनर पकडतात की, पण रडायचं कुणी आणि किती ते बघा

डॉ. नेहा (ए-१०२): शिवाय आपला प्रश्न सिगारेटचा कमीच आहे. २०१६-१७ चा केंद्राचा सर्व्हे बघा, महाराष्ट्रात ओढणारे चार टक्क्यांच्या आत आणि चघळणारे जवळजवळ २४ टक्के. माझ्या खुर्चीत पंचविशीतली पोरं येतात, दाढ दुखतीय म्हणून, आणि आरसा आत घालायला तोंडच उघडत नाही. सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते, ती परत मऊ होत नाही, आणि त्यातल्याच काहींना पुढं कॅन्सर. स्वतःची तीन बोटं, आडवी नाही, उभी धरून दातांच्या मध्ये जातात का बघा घरी.

प्रिया (बी-४०१): सगळे आता तोंडात बोटं घालून बसलेत वाटतं, कोणाचा रिप्लाय नाही 😄

स्वाती (ए-३०४): पाटील दादा तुम्ही सकाळपासून वाचताय, निळी टिक दिसतीय. गाळा तुमचा आहे.

पाटील (गाळा ४): मॅडम मी गाळा भाड्यानं दिलाय. आत काय ठेवतात ते मी बघत बसू का. ॲग्रीमेंटमध्ये खाद्यपदार्थ लिहिलंय

अमित (सी-१०१): शेजारच्या तेवढ्याच गाळ्याच्या दुप्पट भाडं येतंय, ते पण रोखीत, तेव्हा नाही वाटलं दादा की बिस्किटात एवढं काय मिळतंय?

पाटील (गाळा ४): वैयक्तिक बोलायचं काम नाही

साळोखे सेक्रेटरी: कृपया शांतता ठेवा. रविवारी मीटिंग घेऊ, अजेंडा टाकतो.

स्वाती (ए-३०४): रविवारपर्यंत गाळा रिकामा होईल ओ, ह्याच ग्रुपवर सगळं बोलतोय आपण! मी अन्न व औषध प्रशासनाच्या टोल फ्रीला फोन केलाय, १८०० २२२ ३६५. टेम्पोचे फोटो पण आहेत म्हणून सांगितलं.

(शुक्रवार)

साळोखे सेक्रेटरी: अन्न सुरक्षा अधिकारी आलेत, बरोबर पोलीस आहेत. शटर उघडलंय. त्यांना दोन पंच पाहिजेत, सोसायटीतले कुणीही चालतील. लगेच खाली या.

साळोखे सेक्रेटरी: खाली या कुणीतरी

साळोखे सेक्रेटरी: १२२ मेंबर आहेत ग्रुपवर

कुलकर्णी काका (बी-२०२): माझी कंबर धरलीय.

प्रिया (बी-४०१): मी ऑफिसमध्ये. पंच म्हणजे कोर्टात जावं लागतं का नंतर?

अमित (सी-१०१): लागतं, साक्षीला बोलावतात, कधी ते सांगता येत नाही. पंच फिरले की केस गळते, म्हणून ह्या लोकांना पंचांची भीती नसते, खात्री असते. मी येतोय, वीस मिनिटं. स्वाती ताई?

स्वाती (ए-३०४): शाळेतनं निघाले

(रात्री)

अमित (सी-१०१): पाच तास उभं केलं. पोतं अन् पोतं फोडून मोजणी, सॅम्पल काढून सील, प्रत्येक कागदावर सही. गाळ्याला पण सील लागलंय. अन्न कायदा आणि वर विष देण्याचं कलम पण लावणार म्हणाले, पूर्वीचं ३२८, आता न्याय संहितेतलं १२३. दोन्ही लावता येतात असं सुप्रीम कोर्टानं २०१८ ला महाराष्ट्राच्याच केसमध्ये सांगितलंय. भाडेकरू पसार, फोन बंद. आत नोकर होता एकोणीस वर्षांचा, तोच सापडला. मालकाचं नाव त्याला माहीतच नाही, त्याला फक्त टेम्पोवाल्याचं टोपणनाव माहीत.

स्वाती (ए-३०४): ते बघून वाईट वाटलं. आणि लाईट कोण बंद करायचं तेही कळलं. आपले वॉचमन मामा. रात्रीचे पन्नास रुपये आणि एक मावा.

साळोखे सेक्रेटरी: मामांना उद्यापासून काढून टाकतोय.

डॉ. नेहा (ए-१०२): मामांचं तोंड मी आज बघितलं गेटवर. दोनच बोटं जातात, आणि डाव्या गालाला पांढरा चट्टा आहे. काढायचं तर काढा, पण सोमवारी मी त्यांना बायोप्सीला नेणार आहे. पुडीवर छापलेला क्विटलाईनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्यांचा, नंबर १८०० ११ २३५६ त्यांच्या मोबाईलमध्ये घालून दिलाय, मराठीत बोलतात ते.

प्रिया (बी-४०१): दुप्पट भाडं घेणारे राहणार आणि पन्नास घेणारे जाणार, वा

पाटील (गाळा ४): गाळ्याचं सील कधी निघतं कुणाला माहिती आहे का. मेंटेनन्स मी त्याच भाड्यातनं भरत होतो

स्वाती (ए-३०४): आज शाळेजवळच्या टपरीवर विचारलं मुद्दाम. माल आहे. पुडीमागं दोन रुपये वाढवलेत फक्त.

अमित (सी-१०१): दुसरा गाळा असणारच कुठंतरी. सेक्रेटरी साहेब, पार्किंगच्या लाईटला टायमर लावून टाकू, बटण कुणाच्या हातात नको. साडेचारशेला येतो, मी उद्या आणतो.