मदत हवी आहे: क्लबचा ड्रेस कोड नव्याने लिहायचाय, सभासद आणि पाहुण्यांना एकच नियम लावावा का?

धागाकर्ता

मंडळी,

गोल्फ क्लबच्या कमिटीने एक लोढणं माझ्या गळ्यात अडकवलंय आणि त्यात चूक माझीच आहे. ड्रेस कोडबद्दल लेखी तक्रार मी केली होती. सेक्रेटरींनी ती वाचली आणि शांतपणे म्हणाले, "मग नवा मसुदा तुम्हीच लिहा, सर्वसाधारण सभेत मांडू." आता तीन आठवडे उरलेत आणि माझ्या वहीत फक्त शीर्षक आहे.

तक्रार का केली ते आधी सांगतो. मागच्या महिन्यात दाजींना पाहुणे म्हणून खेळायला घेऊन गेलो होतो. पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, स्टार्टरने (खेळाडूंना वेळेनुसार मैदानात सोडणारा माणूस) अडवलं. दाजींच्या अंगात बिनकॉलरचा टी-शर्ट होता आणि खाली बाजूला खिसे असलेली कार्गो पॅन्ट. "सर, पाहुण्यांना कॉलर लागते." टी टाइमला बारा मिनिटं उरलेली. धावत प्रो शॉपमध्ये गेलो, एक पोलो घेतला, तोही दोन मापं मोठा. लेबल कापायला कात्री सापडेना, म्हणून दाजींनी ते दातांनी तोडलं. प्लास्टिकचा बारीक दोरा कॉलरमध्ये तसाच राहिला. अठराच्या अठरा होल बिचारे मान चोळत खेळले. कार्गोकडे मग कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

खरी गंमत नंतर. क्लबहाउसमध्ये बसलो, तर शेजारच्या टेबलावर आमचे एक माजी कॅप्टन जीन्स घालून निवांत बसलेले. बरोब्बर त्यांच्या डोक्यावर पाटी, "डेनिम वर्ज्य". दाजींनी पाटीकडे पाहिलं, जीन्सकडे पाहिलं आणि पुन्हा मान चोळली. बोलले काही नाहीत. घरी ताईने विचारलं, "कसं झालं?" तर म्हणाले, "शर्ट मिळाला."

मी सगळे नियम मोडीत काढा म्हणणाऱ्यांपैकी नाही. बुटांचा नियम मला शंभर टक्के पटतो. बुटांच्या तळाचे धातूचे खिळे, म्हणजे स्पाइक्स, ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) उकरून ठेवायचे, म्हणून १९९०च्या दशकात क्लबांनी ते बंद करत मऊ स्पाइक्स आणले. कारण स्वच्छ आहे, कुणालाही गुडघ्यावर बसवून ग्रीन दाखवता येतं. पण कॉलरने कुठलं गवत वाचतं? एके काळी लोक कोट-टाय घालून खेळायचे. त्या मानाने पोलो शर्ट हीच मोठी सूट होती, आणि तीही टेनिसकडून उसनी आणलेली. तो शर्ट रूढ करणारा रेने लाकोस्त हा गडी मूळचा टेनिसचा. आज त्याच शर्टाला आपण गोल्फची परंपरा म्हणतो. टायगर वूड्सने २०१९ची मास्टर्स स्पर्धा जिंकली तेव्हा त्याच्या अंगात मॉक नेक होता. त्याला दुमडायची कॉलर कुठे असते? आमच्या कॉलरच्या नियमाचा शब्दशः अर्थ लावला तर स्टार्टरने त्यालाही दुकानाकडे पिटाळलं असतं.

तर प्रश्न असे. पाहुण्यांना आणि सभासदांना वेगळे नियम असावेत का? सभासद वर्गणी भरतो, क्लब त्याचा आहे, त्याला थोडी मोकळीक हवी, असं कमिटीतले दोघे म्हणतात. मला उलट वाटतं, पाहुण्याला नियम माहीतच नसतो, मग आधी त्याला सांभाळून घ्यावं. दुसरं म्हणजे, अडवायचं कुणी? आणि जीन्सचं काय करू? तुमच्या क्लबात काय चालतं आणि काय फसलं, ते लिहा. फसलेलं आधी लिहा.

बंकरवासी

मी सहा वर्षं एका क्लबचा सेक्रेटरी होतो, त्यामुळे फसलेलंच सांगतो. आम्ही जुनी यादी फाडली आणि एकच ओळ लिहिली, "पोशाख नीटनेटका असावा." वाटलं, सुटलो. पुढे प्रत्येक रविवारी माझे दोन तास नीटनेटकं म्हणजे काय हे ठरवण्यात गेले. शर्ट खोचलेला नाही, नीटनेटका का? बूट स्वच्छ पण मोजे घोट्याच्या खाली, नीटनेटके का? तुम्ही वस्तूंची नावं लिहा, विशेषणं लिहू नका.

खेळाच्या नियमावलीचा आधार शोधत असाल तर कॉलर तिथे सापडणार नाही. २०१९ मध्ये ३४ नियमांचे २४ केले, तेव्हा नियम १.२ब मध्ये कमिटीला स्वतःची आचारसंहिता करायची आणि तिला दंड जोडायची मुभा दिली. म्हणजे चेंडू कमिटीच्याच कोर्टात, पण ते स्पर्धेपुरतं. मित्रांबरोबरच्या साध्या खेळात पेनल्टी स्ट्रोक कुठे लावणार?

राहिला अडवण्याचा प्रश्न. स्टार्टर पगारी माणूस. तो माजी कॅप्टनला अडवेल ही अपेक्षाच चुकीची. पाहुण्याला अडवणं त्याला सोपं जातं, म्हणून तो पाहुण्यालाच अडवतो. तुमच्या पाटीचं दुखणं हेच आहे.

तीन_पट

वीस वर्षं कॉलर घालतोय, एक पट (ग्रीनवर होलकडे ढकलायचा फटका) सरळ गेला नाही. एवढंच माझं योगदान. 🙂

पहाटेचा_टी_टाइम

मी तरुणपणी कॅडी होतो, खेळाडूंच्या बॅगा उचलायचो, आता खेळतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक पीजीए टूरवर कॅडींना १९९९ पासून हाफ पॅन्ट चालते. त्या वर्षी एका स्पर्धेत भर उन्हात एक कॅडी कोसळला, त्यानंतर सूट मिळाली. खेळाडूंना हाफ पॅन्ट मिळाली ती २०१९ मध्ये, तीही फक्त सराव आणि प्रो-ॲमच्या (व्यावसायिक आणि हौशी एकत्र खेळतात त्या) दिवशी. युरोपियन टूरने तेवढंच २०१६ मध्ये केलं होतं. आमच्या क्लबात मात्र उलटं होतं. सभासद हाफ पॅन्टमध्ये, आणि त्यांची बॅग उचलणारे आम्ही जाड कापडाच्या फुल पॅन्टमध्ये. तेराव्या होलच्या चढावर पॅन्ट मांड्यांना चिकटायची, पाऊल उचलायला एका हाताने कापड ओढावं लागायचं. मसुद्यात कॅडींची ओळ विसरू नका, एवढी विनंती.

हिरवळ

धाग्यात अजून एकाही बाईचा उल्लेख नाही, म्हणून लिहितेय. आमच्या क्लबात पुरुषांचा ड्रेस कोड चार ओळींचा, बायकांचा सव्वा पान. स्कर्ट गुडघ्याच्या वर किती, तेही मापासकट. लिहिणारे पाचही पुरुष. बायकांच्या व्यावसायिक टूरने, एलपीजीएने, २०१७ मध्ये नियम कडक केले, खोल गळा नको, नुसत्या लेगिंग्ज नकोत, कॉलर नसेल तर रेसरबॅक (पाठीमागे खांदे उघडे ठेवणारा टॉप) नको, पहिल्या चुकीला १००० डॉलर दंड, तेव्हा निदान नेमकं काय बंद ते खेळाडूंना लेखी तरी मिळालं. आमच्याकडे एका सभासदाने माझ्या मुलीला नवव्या ग्रीनवर, पट मारताना, "हे चालतं का?" असं विचारलं. ती चौदा वर्षांची आहे. त्यानंतर दोन महिने ती मैदानावर आली नाही.

मसुदा लिहायला एक-दोन बायकांना सोबत घ्या, आणि कुणालाही मैदानावर कपड्यांबद्दल टोकायचं नाही ही ओळ सगळ्यात वर टाका. सांगायचं ते पहिल्या टीच्या आधी, आणि नेमलेल्या माणसानेच.

जुना_मेंबर

सगळे एका सुरात बोलताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. नियम वेडगळ असेल, पण तो पाळताना माणूस घरातून निघतानाच खेळाच्या तयारीला लागतो. मी शर्ट खोचतो तेव्हाच माझा राउंड सुरू होतो. सगळंच चालतं म्हटलं की पुढे दिवॉट (फटक्याने उखडलेलं गवत) भरणं आणि बंकर (वाळूचा खड्डा) रेक करणंही लोकांना ऐच्छिक वाटू लागतं. कुणी हसेल, पण मी हे पाहिलंय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. जुना_मेंबर, हसलो नाही. पण आमच्याकडे बंकर न ओढता जाणारे दोघे-तिघे आहेत आणि तिघांच्याही शर्टाला इस्त्रीची धार असते.

आत्तापर्यंत कागदावर उतरलंय ते असं. नियम एकच, सभासद, पाहुणे आणि कॅडी सगळ्यांना. बूट मऊ स्पाइक्सचे किंवा सपाट तळव्याचे, यात तडजोड नाही. बिनकॉलरचे शर्ट चालतील, बनियनवजा काही चालणार नाही. टी टाइम पक्का झाल्याच्या निरोपातच ही यादी जाईल. प्रो शॉपमध्ये चार मापांचे शर्ट उसने द्यायला ठेवू, विकत घ्यायची सक्ती नाही. टोकायचं काम त्या दिवशीच्या कमिटी सदस्याचं, स्टार्टरचं नाही. हिरवळ, तुमची ओळ पहिल्या क्रमांकावर घेतलीय, आणि महिला विभागाच्या दोघी शनिवारी मसुद्यावर बसणार आहेत.

जीन्सचं अजून ठरत नाही. मैदानावर नको, क्लबहाउसमध्ये चालेल, असं लिहिलं तर तो नियम एका माणसासाठी केल्यासारखा दिसतो. तसा तो आहेच. तेव्हा सभेआधी माजी कॅप्टनांना जाऊन भेटावं लागेल. विषय कसा काढू, तेवढं कुणी सुचवा.

आणि हूडी, तो टोपीवाला स्वेटशर्ट? २०२० मध्ये टायरल हॅटनने इंग्लंडमधल्या वेंटवर्थला बीएमडब्ल्यू पीजीए स्पर्धा जिंकली ती हूडी घालून, तेव्हापासून आमचे ज्युनियर तेच उदाहरण तोंडावर फेकतात.

तीन_पट

हूडी चालू द्या, टोपी डोक्यावर ओढली की पट चुकलेला दिसत नाही. दाजी परत आले का खेळायला?

धागाकर्ता

नाही. परवा त्यांनी तो पोलो धुऊन, घडी करून ताईबरोबर पाठवला, "क्लबात ठेवा, कुणाला लागेल." उसन्या शर्टांमधला तो पहिला. दोरा अजून कॉलरमध्ये आहे, आज काढतो.