मदत हवी आहे: कोरोनल डिमिंगमधील प्लाझ्माचा वेग मोजताना संदर्भ तरंगलांबी कशी ठरवावी?

१४ डिसेंबर २००६ च्या सौर उद्रेकानंतरचा, हिनोडे या सूर्यनिरीक्षक उपग्रहावरील ईआयएस या अतिनील वर्णपटमापकाचा रास्टर (फट सरकवत टिपलेले वर्णपट-चित्र) पायथनमध्ये ईआयएसपॅक ही प्रणाली वापरून तपासतोय. सीएमई (सूर्याच्या प्रभामंडळातून उसळणारा प्लाझ्माचा लोट) सुटल्यावर सक्रिय प्रदेशालगत जो अंधारलेला भाग, म्हणजे डिमिंग, उरतो, तिथे १९५.१२ अँगस्ट्रॉमची लोह-१२ (११ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची) रेषा निळ्या बाजूला, म्हणजे प्लाझ्मा आपल्याकडे येत असल्यासारखी, सरकलेली स्पष्ट दिसते. अडचण वेगाच्या आकड्याची आहे.

ईआयएसचा एक पिक्सेल ०.०२२ अँगस्ट्रॉमचा, म्हणजे इथे साधारण ३४ किमी/से. त्यामुळे ३० किमी/से वेगाचे सरकणे एका पिक्सेलच्याही आत बसते. उपकरणात निरपेक्ष तरंगलांबी मोजायला संदर्भ दिवा नाही. यानाच्या कक्षेबरोबर बदलणाऱ्या तापमानाने वर्णपट सरकतो, फटही किंचित तिरकी आहे. या दोन दुरुस्त्या केल्या आहेत. पण शून्य वेग कुठला धरायचा? रास्टरमध्ये शांत सूर्याचा भाग फार थोडा आहे, आणि डिमिंग धरून सरासरी काढली तर शून्यच निळ्याकडे ओढला जातो, बहिर्वाह खरा आहे त्याहून कमी दिसतो.

दुसरे, रेषेवर एकच गॉसियन (घंटाकृती वक्र) बसवला तर निळ्या बाजूची शेपटी मुख्य रेषेत मिसळते. दोन गॉसियन बसवले, तर अंधाऱ्या भागात फोटॉन इतके कमी की फिट भरकटतो. तिसरी कटकट मुख्य रेषेत मिसळणाऱ्या १९५.१८ च्या लोह-१२ रेषेची. मुख्य रेषेपासूनचे तिचे अंतर मी ०.०६ अँगस्ट्रॉमवर बांधून ठेवले आहे.

उद्रेकाआधीच्या रास्टरमधली तीच जागा संदर्भ म्हणून चालेल का? आणि दुसऱ्या गॉसियनची रुंदी पहिल्याएवढीच बांधावी, की आधी पिक्सेल एकत्र करून ती मोकळी सोडावी?