मदत हवी आहे: पंप चालू न करताच फॉर्म ‘बी’?

नमस्कार मंडळी, ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी नवा सेक्रेटरी. २००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म ‘बी’, म्हणजे इमारतीतली आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, अग्निशमन दलाकडे द्यावा लागतो. आमच्याकडे एजन्सीचा माणूस आला, चहा प्यायला, सही ठोकून गेला. पंप चालूसुद्धा केला नाही! नंतर मीच चौथ्या मजल्यावरची होज रील (आग विझवायच्या पाण्याचा गुंडाळून ठेवलेला पाइप) ओढली, तर पाइप वाळक्या शेंगेसारखा तडकला.

हा फॉर्म तसाच पुढे दिला तर उद्या जबाबदारी कुणाची, कमिटीची की एजन्सीची? कुणाला असा अनुभव आहे का?

आणि जिन्यातल्या सायकली, चपलांचे रॅक हटवायच्या नोटिशीचा नमुना असेल तर टाका. गोडीत सांगून झालं, कुणी ढिम्म हलत नाही.