बेसिनखालची बकेट

(घरचा ग्रुप, बुधवार ते शनिवार)

बुधवार

धाकटा: फोटो पाहा. काल सांजीले बकेट रिकामी केली होती, सकाऊन पाह्यलं तं अर्धी भरली. बेसिनखालचा नट म्या दोनदा आवळला. आवळायच्या आधी थेंब थेंब गळे, आता तं धारच लागून राह्यली.

वहिनी: अन् रविवारी महालक्ष्म्या बसतात. सोमवारी जेवायले पन्नास माणूस. समद्यायचे हात तिथंच धुतल्या जाईन.

दादा (पुणे): प्लंबर काय म्हणतो?

धाकटा: 'उद्या येतो' म्हणते. त्याचा उद्या पोळ्यापासून चालू हाये.

मामाजी (अकोट): आमच्या टायमाले सूत अन् सफेदा लावला का वीस वर्ष तिकडं पाह्याचं काम नसे. सूत गुंडाळ, सफेदा थाप, आवळ.

दादा (पुणे): ते मळून लावायचं सील मिळतं ना, दोन रंगाचं? बाहेरून थापून दे. महालक्ष्म्या निघून जातील.

पुतण्या: काका, बकेटलाच तोटी बसवा 😄

ताई (अमरावती): तू शाळेत जा.

ताई (अमरावती): यांना फोटो दाखवला. चहा पिऊन लिहितो म्हणाले.

भाऊजी: नटाला आता हात लावू नको. चिनी मातीचं भांडं आहे, लोखंडासारखं दाबून घेत नाही. तडा गेला तर बेसिनच नवं आणावं लागन. अन् बाहेरून सील थापून काही होत नाही, ओल्यावर ते नीट धरत नाही. आधी पाणी निघते कुठून ते पाहा. निघते वरून अन् थेंब लोंबते नटाच्या टोकाला, म्हणून जो तो नटालेच दोष देते.

धाकटा: भाऊजी मी वावरात चाललो, पऱ्हाटीवर फवारा हाये. सांजीले पाह्यतो.

वहिनी: मी पाह्यतो. सांगा.

भाऊजी: बरं वहिनी. खालचं सगळं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. वेस्ट कपलिंग (बेसिनच्या भोकात बसवलेली जाळीवाली नळी), नट, पाईप, भिंतीजवळचं तोंड, सगळं. खाली पेपर अंथरा. आता बूच लावून बेसिन अर्धं भरा, पाण्याच्या रेघेवर पेन्सिलीनं खूण करा अन् अर्धा तास सोडून द्या. पाणी उतरलं अन् पेपर भिजला तर गळती वरच्या कडेखालून आहे. मग पेपर बदला, बूच काढा, पाणी जाऊ द्या, कुठं ओलं होते ते पाहा. शेवटी समोर वरच्या बाजूला ते लहान भोक आहे ना, ओव्हरफ्लोचं, त्यात गडव्यानं हळूहळू पाणी ओता. नुसतं त्याच्यात.

वहिनी: त्या भोकात तं आम्ही कधी पाणीच जाऊ देत नाही. वास येते त्याच्यातून.

भाऊजी: वास येते? मग बरंच समजलं. तरी ओता.

*(दुपारी)*

वहिनी: बूच लावून भरलं तं अर्ध्या तासात बोटभर उतरलं. बूच पक्कं होतं, पाईपातून आवाज नव्हता. पेपर नटाच्या बरोबर खाली भिजला. बूच काढल्यावर अजून जोरात. अन् भोकात गडवा ओतला तं पाणी पाईपात गेलंच नाही बापा, सरळ नटावरून खाली. निरा काळं पाणी.

दादा (पुणे): म्हणजे तिन्ही ठिकाणी नापास.

भाऊजी: तिन्ही नाही, दुखणं एकच आहे. सांगतो. मोठं लिहितो, मामाजींनीही वाचा.

ओव्हरफ्लोवालं बेसिन दोन पदराचं राहते. वरच्या भोकात गेलेलं पाणी बेसिनच्या पोटातून, दोन पदरांच्या मधून, खाली कपलिंगच्या भोवती येते. त्याच्यासाठी कपलिंगच्या नळीला बाजूनं चिरे पाडलेले राहतात. दुकानात त्याला हाफ थ्रेड म्हणतात, कारण आटे फक्त खालच्या अर्ध्या भागाला. पोटातलं पाणी त्या चिऱ्यातून नळीत शिरते अन् पाईपात जाते. ओव्हरफ्लो नसलेल्या बेसिनला फुल थ्रेड, चिरे नाहीत.

म्हणजे नटाच्या वर, बेसिनच्या पोटात, पाणी येणारच. ते तिथं आलं म्हणून काही चुकलं नाही. त्याला खाली जाऊ द्यायचं नाही, हे काम रबरी वायसरचं. नट फक्त त्या रबराला दाबून धरतो. रबर आट्यांवर अन् चिनी मातीवर दोन्हीकडं चिकटून बसलं पाहिजे, नाही तर पाणी आट्याआट्यातून खाली येते. तुमच्याकडं तेच चाललंय.

वहिनींनी ओतलेलं पाणी पाईपात गेलंच नाही, म्हणजे चिरे बुजलेले आहेत. बसवणाऱ्यानं जाळीच्या कडेखाली काय भरलं होतं, आठवते का?

धाकटा: व्हाईट सिमेंट. माह्या समोर भरलं. मुठीनं.

भाऊजी: तेच चिऱ्यात गेलं. पोटात पाणी साचून राहते, सडते, म्हणून वास अन् काळं पाणी. अन् तू खालून नट आवळला तवा वरची जाळीही संगं फिरली असन. व्हाईट सिमेंट हे काचेसारखं. जराक फिरलं का तडकते, परत चिकटत नाही. तिथून वरची कडही गेली. म्हणून आवळल्यावर थेंबाची धार झाली.

धाकटा: हाव, फिरली होती. मले वाटलं चांगलं बसून राह्यलं.

मामाजी (अकोट): जवाईबापू, मंग सूत-सफेद्याचं काय?

भाऊजी: मामाजी, लोखंडी पाईपाच्या चुड्यांवर त्याच्यासारखं काही नाही. तिथं आट्यात आटा बसते. इथं नट सैल फिरणाराच राहते, दाब रबरावर. सुतानं रबर वाकडं बसन.

मामाजी (अकोट): बरं.

ताई (अमरावती): मामाजी रुसले.

मामाजी (अकोट): रुसलो नाही. जेवून राह्यलो.

गुरुवार

धाकटा: पाणी बंद केलं. वेस्ट पाईप हातानंच निघाला. पण नट हलत नाही. पांढरा थर जमला त्याच्यावर, चुना लावल्यासारखा.

दादा (पुणे): एका वर्षात?

धाकटा: दादा, विसरला का? प्यायचं पाणी ८४ खेडी योजनेचं, वाण धरणाचं, पण थे रोज कुठं येते. न्हाणीच्या टाकीत बोअरचंच पाणी. खारपाणपट्टा हाये हा, जमिनीतलं पाणीच खारं. शॉवर सहा महिन्यात बुजला.

भाऊजी: पाना लावून जोर करू नको. लिंबाच्या रसात फडकं भिजव, नटाभोवती गुंडाळ, अर्धा तास ठेव. क्षार विरघळतात, बुडबुडे दिसतीन. रातभर ठेवू नको, वरची चमक जाईन. अन् संडासाचं अ‍ॅसिड तर बिलकुल नको.

वहिनी: लिंब महालक्ष्म्यायच्या सैपाकाचे हाये. दोनच देतो.

धाकटा: आता सैल झाला. पण वरची जाळी पुन्हा संगं फिरते.

भाऊजी: पोराला वर उभा कर. पकडीचे दोन दांडे जाळीच्या भोकात घालून घट्ट धरायचं, तू खालून फिरव. खाली निजून वर पाह्यशील तर घड्याळाच्या उलट फिरवायचं. उभा राहून वाकून हात घातला का माणूस चुकते, नेमकं उलटं फिरवते.

धाकटा: तेच करून राह्यलो होतो 🙏

धाकटा: निघाला!! फोटो टाकतो. हे पाहा, काळी प्लास्टिकची रिंग वर, बेसिनले टेकलेली. रबर तिच्या खाली.

भाऊजी: उलटं बसवलं. रबर वर, बेसिनला टेकून. प्लास्टिकची रिंग त्याच्या खाली, नटाच्या वर. ती कशासाठी, तर नट फिरताना रबर पिळलं जाऊ नये. प्लास्टिक चिनी मातीला काय चिकटणार?

पुतण्या: म्हणजे एक वर्ष फक्त नशिबावर चाललं.

भाऊजी: सिमेंटवर चाललं. आता चिरे दाखव.

धाकटा: बुजलेत. सुई पण जात नाही. म्या बारीक पेचकसनं उकरले, मोकळे झाले. बेसिनच्या भोकाच्या काठाचं सिमेंटही काढलं, हळू हळू, चाकूच्या पाठीनं. कपलिंग नवीन आणू का?

दादा (पुणे): नवीन आण, पैसे पाठवतो.

भाऊजी: पितळी आहे ना? वजनदार? मग तेच चालू द्या. आटे ब्रशनं घास, नट हातानं शेवटपर्यंत फिरला का झालं. फक्त रबर नवं आण, ३२ मिलीमीटरच्या कपलिंगचं, जाड. जुनं दाबून पाहा, वाळलेल्या पापडासारखं झालं असन. सिलिकॉनची लहान ट्यूब आण, न्हाणीत चालणारी, बुरशी न धरणारी. बस.

मामाजी (अकोट): मी दुकानाजवळच आहो. घेऊन येतो. टेफलॉनची टेप घेऊ का नको, का त्याच्यावरही बंदी?

भाऊजी: घ्या मामाजी, ती लागते. रबर जिथं बसन तिथल्या आट्यांवर चार-पाच वेढे देऊ, आटे भरून निघतात. नट ज्या दिशेनं आवळला जाते त्याच दिशेनं गुंडाळायची, नाही तर नट चढवताना सुटत येते. वेस्ट पाईपच्या नटाला मात्र नको, तिथं त्याचं वायसर असते.

*(दुपारी ३ वाजता)*

वहिनी: मामाजी आले, चहा झाला. हे तिघं न्हाणीत. आई दारात खुर्ची टाकून बसल्या.

भाऊजी: बसवताना घाई नको. दोन्ही बाजू कोरड्याठाक, फडक्यानं नाही, फॅन लावा. जाळीच्या कडेखाली सिलिकॉनची एकच रेघ, पेन्सिलीएवढी जाड, गोल पूर्ण. चिऱ्यापर्यंत जाऊ देऊ नका, नाही तर सिमेंटाची जागा सिलिकॉन घेईन. वरून सोडा. चिरे ओव्हरफ्लोच्या वाटेकडं येतीन असं फिरवा. मग खालून टेप, रबर, प्लास्टिक, नट. रबराच्या वरच्या तोंडालाही थोडं सिलिकॉन लावलं तर चांगलं. नट हातानं आवळा, जेवढा जाते तेवढा. मग पान्यानं पाव फेरा. पाव म्हणजे पाव.

मामाजी (अकोट): पाव झाला. अजून जाते.

भाऊजी: नाही, आता राहू द्या.

धाकटा: मामाजीच्या हातातून पाना घेतला.

धाकटा: आता पाईप. एक गोष्ट सांगतो भाऊजी, पाईप लावला का कपलिंग एका बाजूला ओढते. भिंतीतलं तोंड खाली गेलं वाटते.

भाऊजी: काळी माती आहे तुमच्याकडं. उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात फुगते, नवी भिंत जराशी बसतेच. पाईप ताणून लावू नको, नाही तर रोज तो नटाला वाकडा ओढन. लांब पाईप घे, नळीदार, खाली यू सारखा वाक दे म्हणजे त्यात पाणी थांबते. गटाराचा वास अन् झुरळं त्या पाण्यावरून येत नाहीत. भिंतीत जिथं शिरते तिथं आता काय आहे?

वहिनी: जुन्या बनियनची चिंधी. मीच कोंबली होती, झुरळं येत म्हणून.

भाऊजी: रबरी रिंग मिळते, पाईपावर चढवून तोंडात बसवायची.

मामाजी (अकोट): पुन्हा दुकानात जातो.

धाकटा: सगळं बसलं. पाणी सोडू का?

भाऊजी: नाही! उद्या याच वेळेपर्यंत नाही. सिलिकॉन २४ तास. त्याच्यात पाणी सोडलं तर सगळं पुन्हा.

वहिनी: मी बेसिनवर परात झाकून ठेवली. वर चिठ्ठी पण. वाचता येणाऱ्यायसाठी.

शुक्रवार

ताई (अमरावती): आमच्या घरी पण पाहून घेतलं काल. आमचं फुल थ्रेड आहे, ओव्हरफ्लो नाही. हे आता शेजारच्यांच्या बेसिनखाली पाहून राह्यले.

भाऊजी: त्यांनीच बोलावलं.

दादा (पुणे): इथे सोसायटीत प्लंबरने नुसतं 'वॉशर बदललं' लिहून जे बिल दिलं होतं ना मागे, ते आता समजलं. मी तेव्हा त्याच्या समोरच उभा होतो आणि काही विचारलं नाही.

धाकटा: ५ वाजले. तपासतो.

वहिनी: थांबा, पेपर मी अंथरतो. खूण पण मीच करतो.

*(सहा वाजता)*

वहिनी: बूच लावून अर्धा तास. रेघ जागेवर. पेपर कोरडा. बूच काढलं, सगळं पाणी गेलं, कोरडा. भोकात दोन गडवे ओतले, सरळ पाईपात गेले, आवाज पण आला. पहिल्या गडव्याले काळी घाण निघाली थोडी, दुसऱ्याले साफ.

मामाजी (अकोट): पाव फेऱ्यात बसलं म्हणा. मी लोखंडी पाईपाच्या हिशोबानं आवळत होतो.

धाकटा: प्लंबरचा फोन आला होता. उद्या येतो म्हणे.

शनिवार

धाकटा: भाऊजी, सकाऊन पेपर ओला! एका जागी. रुपयाएवढा.

भाऊजी: नटाच्या बरोबर खाली?

धाकटा: नाही. डाव्या बाजूला, आरशाच्या खाली.

वहिनी: ते पोट्ट्यानं हात धुऊन झटकले. मी पाह्यलं.

भाऊजी: नटाला कोरडा कागद चिकटवून पाहा.

धाकटा: लावला. कोरडा.

ताई (अमरावती): आम्ही उद्या दुपारपर्यंत पोचतो. सोळा भाज्यांतल्या काही आणायच्या का?

वहिनी: लिंब आणा ताई. दोन कमी पडून राह्यले.

दादा (पुणे): बकेट उचलली का मग?

वहिनी: आई म्हणते, महालक्ष्म्या उठेपर्यंत तिथंच राहू दे.

भाऊजी: राहू द्या.