अमेरिकेत सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, रुजलाय की नुसताच मिरवतोय?

जर्सीकर: शनिवारी सकाळी साडेसातला शेजारच्या घरातून आरोळी आली. दहा वर्षं मला एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे, नियम शिकवणारा हा गडी आर्सेनल या इंग्लिश क्लबची जर्सी घालून टीव्हीपुढे उभा होता, हातातली कॉफी अर्धी गालिच्यावर! इथली सॉकरची लीग एमएलएस 1996 ला 10 संघांवर सुरू झाली, 2025 ला 30 झाले. लीगची 2018 ची फायनल बघायला अटलांटात 73 हजार लोक होते, तेही मेस्सी यायच्या पाच वर्षं आधी. सॉकर आता इथला पाहुणा राहिलेला नाही.

उंटावरचा शहाणा: पेले 1975 ला न्यूयॉर्क कॉसमॉसकडे आला तेव्हाही लोक असेच हुरळले होते. 1977 ला तो निवृत्त झाला आणि 1984 च्या हंगामानंतर तेव्हाच्या अख्ख्या लीगने गाशा गुंडाळला. आता मेस्सीचा संघ इंटर मायामी गावात येणार म्हटलं की तिकिटं कडाडतात, आणि मेस्सी खेळणार नाही कळलं की लोक चडफडतात. खेळाचं वेड म्हणायचं हे, की माणसाचं?

जर्सीकर: त्या लीगने भराभर संघ वाढवले, 1978 ला 24, मग पैसा पुरेना. एमएलएसने खर्चाला लगाम घातला, कोलंबस शहराच्या संघाने 1999 मध्ये खास सॉकरसाठी स्टेडियम बांधलं. पाया आहे हो!

डबा आणि बूट: दोघेही पुरुषांच्याच खेळावर भांडताय. 1999 च्या महिला वर्ल्ड कप फायनलला रोझ बोलमध्ये 90 हजार लोक होते. अमेरिकेच्या बायकांनी चार वर्ल्ड कप जिंकलेत, पुरुषांनी आजवर एकही नाही. माझं दुखणं वेगळं आहे. लेकीच्या क्लबची फी, प्रवास, स्पर्धा, हॉटेलं असं मिळून वर्षाचं बिल बघितलं की डोळे पांढरे होतात. तिच्यासोबतचा सगळ्यात चपळ मुलगा फी झेपेना म्हणून गेल्या वर्षी क्लब सोडून गेला. आता पार्कात दोन दप्तरांचा गोल करून खेळतो.

पेठेतला गोली: कोल्हापुरातून लिहितोय. आमच्याकडं संघ तालमीचा आणि तालीम पेठेची. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानावर पोरगं बसवून मालक गायब! तुमच्या लीगमध्ये तळाला गेलेला संघ खालच्या लीगमध्ये ढकलत नाहीत म्हणे. मग शेवटच्या मॅचला पोटात गोळा कशानं येणार?

उंटावरचा शहाणा: गोली, लाख बोललात. जर्सीकर, एक करा. न्यूयॉर्क रेड बुल्स या एमएलएस संघाचं हॅरिसनचं स्टेडियम तुमच्या न्यू जर्सीतच आहे. त्यांचा गोलकीपर कोण, शेजाऱ्याला विचारा.

जर्सीकर: विचारलं. आर्सेनलचे अकरा घडाघडा म्हणाला, इथला एकही नाही. मलाही आठवेना म्हणा. पण पुढच्या शनिवारी दोघे जातोय हॅरिसनला, पाथ ट्रेनने. शेजाऱ्याला पार्किंगचे पैसे भरायचे नाहीयेत.